एक मेचा निकाल: पालकांसमोर काय वाचायचं आणि स्वतःची उमेद कशी राखायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी डोंगरपट्ट्यातल्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेविका आहे, हे दुसरं वर्ष. वर्ग पहिली ते पाचवी, पट ३१. एक मेला निकालाबरोबर वर्षभराचा आढावा पालकांना वाचून दाखवायचा आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, हे काम सरांनी माझ्याकडे दिलंय. पण सांगण्यासारखं आहे काय? तिसरीतल्या चौघांना अजून सलग वाचता येत नाही. पाचवीतला एक जण फेरपरीक्षेला बसणार. ऊसतोडीला गेलेली मुलं आत्ता कुठे परतली. सरांची बदली जवळपास ठरल्यासारखीच आहे. आणि गावात इंग्रजी शाळेची गाडी यायला लागल्यापासून पुढच्या वर्षी पट कमी होणार हे दिसतंय. खोटं बोलायचं नाही, रडगाणंही गायचं नाही. मग लिहू काय?"

ताई, आधी तुमच्या यादीची वाटणी करून घ्या. तिसरीतली चौघं, पाचवीतला एक आणि उसावरून आलेली पोरं, हा झाला वर्गातला भाग. बदली आणि पट हा वर्गाबाहेरचा. एप्रिलअखेर या दोन्हींची अशी सरमिसळ होते की बाहेरच्या काळजीपायी वर्गात झालेलं काम दिसेनासं होतं.

मी मराठवाड्यातल्या वाडीवस्तीच्या शाळांवर आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि शेवटी आसपासच्या शाळा पाहणारा केंद्रप्रमुख म्हणून नोकरी काढली. निकालाच्या दिवशी वाचले जाणारे आढावे ढिगाने ऐकलेत. बहुतेकांचे साचे दोनच. एक, 'सर्व विद्यार्थ्यांनी घवघवीत यश संपादन केले'. दुसरा, 'पालकांचे अपेक्षित सहकार्य लाभत नाही'. पहिला चालू असताना पालक मोबाइल काढतात, दुसरा चालू असताना खाली बघतात. आपलं लेकरू जूनमध्ये कुठे होतं आणि आता कुठे आहे, हे दोन्हींत नसतं. खरं म्हणजे मजुरी बुडवून बाई-माणूस उन्हात येऊन बसतं ते तेवढंच ऐकायला.

तेव्हा तुमचा आढावा फरकाचा करा. जूनमध्ये काय येत होतं, एप्रिलमध्ये काय येतं, आणि राहिलेलं पुढच्या जूनमध्ये कोण, कसं करणार. एवढं प्रामाणिकपणे लिहिलंत तर 'सकारात्मक' वेगळं काही घालावं लागत नाही. उमेदीचंही तेच. वरून कुणी 'सकारात्मक राहा' म्हटलं की माझ्या तर कपाळावर आठी यायची. पण दोन वह्यांची दोन पानं शेजारी ठेवली की मन आपोआप ताळ्यावर यायचं.

ते पान काय असतं, सांगतो. एका वस्तीवरच्या शाळेत तिसरीतली एक मुलगी. बाईंचं म्हणणं, 'हिला काहीच येत नाही, सर.' तिच्या जुलैच्या पानावर क, म, ल, न अशी सुटी अक्षरं, त्यातलं न उलटं. त्याखाली 'कमल' लिहायला सांगितलेलं, तिथे नुसती खाडाखोड. एप्रिलच्या पानावर तिने मनाने लिहिलेलं: 'आमच्या शेळीला दोन पील झाली. एक काळ आहे. आजी त्याला चूल जवळ ठेवती.' अनुस्वार गायब, विभक्ती सुटलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच नाही. पण ही मुलगी मनातलं वाक्य कागदावर उतरवते, पाठोपाठ तीन वाक्यं लिहिते, आणि तिसऱ्या वाक्यात आजीही येते. बाईंना ते दिसलं नव्हतं, कारण त्या एप्रिलचं पान तिसरीच्या पुस्तकाशेजारी ठेवून बघत होत्या. शेजारी जुलैचं पान ठेवायला हवं होतं. तुमच्या 'सलग वाचता येत नाही' वाल्या चौघांचंही मला असंच काहीतरी वाटतंय. जूनमध्ये ती अक्षरावर होती का? आता शब्दावर आली आहेत का? त्यांतला एखादा परिच्छेद अडखळत का होईना वाचतो का? चौघं एकाच पायरीवर असणं मला तरी अवघड वाटतं. आधी ते तपासा. 'चौघांना येत नाही' ही नोंदच नव्हे.

कच्चा माल तुमच्याकडे आहे, शोधायला कुठे जायचं नाही. वरच्या वर्गांतल्या मुलांच्या, वर्षाच्या सुरुवातीला झालेल्या पायाभूत चाचणीच्या उत्तरपत्रिका कपाटात असतील. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर वर्गात पाहून केलेल्या, नोंदी असतील. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि त्यात पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवीला ५०. म्हणजे लहान मुलाची श्रेणी मुख्यतः तुम्ही वर्षभर जे पाहिलं त्यावर ठरते, शेवटच्या पेपरवर नाही. आता या नोंदी पुष्कळ ठिकाणी एप्रिलमध्ये एका बैठकीत 'पूर्ण' होतात, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. तुमच्या तशा असतील तर त्या बाजूला ठेवा आणि वह्या काढा. वही खोटं बोलत नाही.

वेळ मात्र कमी मिळतो, हे मान्य. २०२५ मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक आलं आणि परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. पेपर तपासा, श्रेणी काढा, निकालपत्रक करा, प्रगतिपुस्तकं भरा, शिवाय ऑनलाइन माहिती, सगळं पाच दिवसांत. मग आढावा तीस तारखेच्या रात्रीवर येतो आणि रात्री अकराला माणसाच्या हातून 'घवघवीत यश'च लिहिलं जातं. त्यामुळे परीक्षेच्या आधीच, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, रोज पाच-सहा मुलांची दोन-दोन पानं काढून प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहून ठेवा. ३१ मुलं आहेत, आठवड्याभरात होतं. हीच ओळ प्रगतिपुस्तकात जाते, हीच पालकांशी बोलताना कामी येते आणि यांची बेरीज म्हणजे तुमचा आढावा.

ओळ कशी असावी? प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदीचे रकाने असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक. तिथे 'अभ्यासात प्रगती समाधानकारक', 'वाचनाची आवड जोपासावी' असं लिहून आपण मोकळे होतो. ते कुणाच्याही पुस्तकात चालतं, म्हणून कुणाचंच नसतं. त्याऐवजी 'हातच्याची वजाबाकी आता न विचारता करते. शून्य आलं की अजून गोंधळते' असं लिहा. 'जोडाक्षर नसलेली गोष्ट वाचतो, वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगतो, लिहायला कंटाळतो' असं लिहा. 'सुधारणा आवश्यक'मध्ये एकच गोष्ट ठेवा, घरी करता येण्यासारखी. 'नियमित सराव हवा' हे घरी करता येण्यासारखं नाही, कारण त्या घरात कशाचा सराव हे कुणाला कळत नाही. 'रोज दुकानाच्या पाटीवरचे पाच शब्द वाचून घ्यावेत' हे करता येतं.

आता कठीण बातम्या. यांचा एकच कायदा पाळा: ज्याची बातमी त्याच्या घरी आधी, चारचौघांत नंतर किंवा कधीच नाही.

पाचवीतल्या मुलाचं बघा. २०२३-२४ पासून आपल्याकडे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात उत्तीर्ण न झालेल्याला फेरपरीक्षेची संधी, आणि तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतरचा हा बदल. त्यात फेरपरीक्षा निकालापासून दोन महिन्यांच्या आत घ्यायची आहे आणि त्या काळात मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं आहे. मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. गावात मात्र याचं भाषांतर 'पोरगं नापास झालं, आता बसव घरी' असं व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा एक मेच्या आधी संध्याकाळी त्याच्या घरी जा. बापाबरोबर आईही बसलेली असू द्या. मुलगाही समोरच असावा, त्याच्या माघारी नको. बोलणं साधारण असं: 'दादा, याला भाषा जमली, परिसर जमला. गणितात भागाकार आणि अपूर्णांक राहिले. जूनमध्ये पुन्हा परीक्षा आहे, तोवर मी रोज काय करायचं ते लिहून देते. सुट्टीत कुठे पाहुण्याकडे पाठवणार असाल तर मला तारीख सांगा, त्या हिशेबाने बघू.' कोणत्या विषयात, कोणत्या घटकात, कधी आणि मी काय करणार, हे सगळं तीन-चार वाक्यांत येतं. 'पोरगं हुशार आहे पण लक्ष देत नाही' हे वाक्य मात्र टाळा. त्यावर बाप एकच उपाय करतो, आणि तो तुम्ही निघाल्यावर.

तिसरीच्या चौघांच्या आयांना शाळेतच बोलवा, पण निकालाच्या गर्दीत नको. निपुण भारत या सरकारी मोहिमेचं लक्ष्यच मुळी तिसरीअखेर वाचन आणि अंकगणिताचा पाया पक्का व्हावा असं आहे, त्यामुळे तुम्हाला या चौघांची टोचणी लागणं साहजिक आहे. पण आईला लक्ष्य-बिक्ष्य सांगून उपयोग नाही. तिच्या हातात ती दोन पानं द्या. वाचता न येणाऱ्या आईलाही जुलैचं पान आणि एप्रिलचं पान यातला फरक डोळ्यांना दिसतो. मग शाळेच्या वाचनपेटीतली चार-पाच पुस्तकं, जाड अक्षरांची, सुट्टीसाठी तिच्या नावावर द्या. पुस्तक फाटेल, हरवेल, ही भीती मुख्याध्यापकांना वाटते. वाटू द्या. कपाटात कुलूपबंद राहिलेली पुस्तकं वाळवी खाते, त्यापेक्षा पोरांनी फाडलेली बरी.

ऊसतोडीच्या मुलांवर जरा थांबतो, कारण तुमच्या पत्रात ती 'आत्ता कुठे परतली' एवढ्या तीन शब्दांत संपली आणि माझ्या मते तुमच्या शाळेची यंदाची सगळ्यात मोठी बातमी तीच आहे.

दसरा-दिवाळीला मुकादमाच्या गाड्या गावातून निघतात. कोयत्याबरोबर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याबरोबर, लेकरंही जातात, पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत. हंगामी वसतिगृहाची सोय झाली आणि घरात आजी-आजोबा असले तर काही मागे राहतात. बाकीच्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं; कधी बसतात, कधी धाकट्या भावंडाला सांभाळत कोपीवरच राहतात. मग मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, गाड्या परततात, आणि पोरगं काळंठिक्कर होऊन वर्गाच्या दारात उभं राहतं. ते दारात उभं राहिलं, हीच बातमी. ज्या मुलाला शाळा परकी वाटते ते एप्रिलमध्ये येत नाही, सरळ जूनमध्ये येतं किंवा येतच नाही. तुमच्याकडे ती परीक्षेच्या तोंडावर आली, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत तुम्ही त्यांच्याशी बरं वागलात. हे आढाव्यात लिहा.

शिवाय ही मुलं रिकाम्या हाताने आलेली नसतात. एका मुलाला मी विचारलं, 'गाडीत किती मोळ्या बसतात रे?' तर त्याने गाडी बैलाची की ट्रॅक्टरची, ऊस कोणता, वाडं (उसाचा शेंडा) काढलेलं की नाही, इथून सुरुवात केली आणि मोळ्यांवरून टनाचा अंदाज तोंडी सांगितला. फळ्यावर त्याला तीन अंकी बेरीज मांडता येत नव्हती. हिशेब डोक्यात पक्का, लिहिण्याची रीत नाही. अशा मुलाच्या 'विशेष प्रगती'च्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्नच पडायला नको. आणि एक सोय लक्षात घ्या: बाकीची मुलं मे महिन्यात मामाच्या गावाला पांगतात, ही मात्र नुकतीच परतल्यामुळे गावातच असतात. सुट्टीत कुणी शिकलेली ताई किंवा बारावीतला पोरगा तासभर द्यायला तयार असेल तर पहिली हाक यांच्यासाठी मारा. तुम्ही स्वतः पूर्ण सुट्टी गावात काढा असं मी मुळीच म्हणणार नाही. तुम्हालाही घर आहे.

आता वर्गाबाहेरचा भाग. हा मी पटकन उरकतो, कारण आढाव्यात याला फार जागा द्यायची नाही.

बदलीचा आदेश हातात येईपर्यंत ती बातमी नव्हे. आदेश आला तर सरांनी स्वतः, स्वतःच्या तोंडाने सांगावं. ते तुमच्या आढाव्यात नको. तुमच्या कामाचं एवढंच की सर जाण्याआधी प्रत्येक वर्गाची एक चिठ्ठी त्यांच्याकडून लिहून घ्या: कोण कुठल्या पायरीवर, कोणाला चष्मा लागल्याचा संशय आहे, कोणाच्या घरी कोणाशी बोललं की काम होतं. नवीन येणाऱ्याला निकालपत्रकापेक्षा ही चिठ्ठी जास्त उपयोगी पडते.

पटाचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं नमूद आहे, आणि तुम्ही ३१ वर आहात. वीसच्या आतल्या शाळांबाबत आदेश येत-जात असतात, त्यांवर एक मेला पालकांसमोर तर्क लढवू नका. 'पट कमी झाला तर शाळा बंद पडेल' हे वाक्य तुमच्या तोंडून गेलं, की जो बाप अजून विचारच करत होता तो दुसऱ्या दिवशी इंग्रजी शाळेच्या गाडीवाल्याला फोन करतो. बुडत्या होडीत कोण बसेल?

त्या शाळेला नावंही ठेवू नका. आई-बापाने लेकरासाठी पोटाला चिमटा काढून फी भरायचं ठरवलं, यात वाईट काही नाही. तुम्ही दाखवायचं ते तुमच्या मुलांना काय येतं ते. एक मेसारखी जागा त्यासाठी दुसरी नाही: सकाळी आठचं झेंडावंदन, राज्यगीत, सगळं गाव अंगणात, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच दिवशी ग्रामसभाही. भाषणं दोन कमी करा आणि मुलांना पुढे काढा. पाठ करून घेतलेलं भाषण नको, ते कोणतीही शाळा करून घेते. एखाद्या पालकाला सांगा, ग्रामपंचायतीत आलेला आजचा पेपर द्या, कुठलीही बातमी दाखवा, चौथीतली पोर वाचेल. दुसरीतल्याला शंभराची नोट आणि किराण्याची चिठ्ठी द्या, परत किती मिळाले ते सांगेल. ज्यांना जमणार आहे त्यांनाच पुढे काढा. ज्याला जमत नाही त्याची चारचौघांत परीक्षा नको. पण उसावरून आलेल्या मुलाला मोळ्यांचा हिशेब सांगायला जरूर उभं करा. गावातली निम्मी माणसं तो ताडून पाहू शकतात.

एक इशारा. कुणीतरी मागून ओरडणारच, 'बाई, पहिला कोण आला?' आपल्याकडे प्राथमिकला श्रेणी आहे, नंबर नाही. तरी गावाची हौस जात नाही, आणि काही शाळा ती भागवायला पहिला-दुसरा-तिसरा काढून कंपासपेट्या वाटतात. पहिलीच्या आठ मुलांत तीन नंबर काढले की पाच जणांना सहाव्या वर्षीच आपली जागा कळते. बक्षीस द्यायचंच असेल तर प्रत्येकाला द्या, पेन्सिल पुरे, आणि देताना त्याची ती एक ओळ मोठ्याने वाचा.

पुढच्या वर्षीच्या पहिलीसाठी एप्रिलमध्ये 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारीचा मेळावा झालाच असेल. अंगणवाडी सेविकेकडे नावं असतात, ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होणारी मुलं कोण ते त्यांना तोंडपाठ असतं. मेळाव्याला आलेल्या आयांना निकालाच्या दिवशीही बोलवा. आपलं लेकरू जिथे जाणार तिथली पोरं पेपर वाचताना त्यांना दिसू द्या. पटासाठी याहून जास्त काही तुमच्या हातात नाही, आणि जे हातात नाही त्यावर रात्र जागवू नका.

आढाव्याचा नमुना देतो. आकडे मी अंदाजाने घातलेत, तुम्ही तुमचे घाला. वाचायला तीन मिनिटांच्या वर लागू नयेत.

'आपल्या शाळेत यंदा ३१ मुलं शिकली. त्यातली सहा दिवाळीच्या सुमाराला आई-वडिलांबरोबर उसाला गेली आणि सहाही परत आली. एकही नाव गळालं नाही. पहिलीत आठ मुलं आली तेव्हा दोघांना स्वतःचं नाव लिहिता येत होतं. आज आठही जण लिहितात आणि पाच जण छोटी वाक्यं वाचतात. दुसरीत सगळ्यांना दोन अंकी बेरीज येते, हातच्याची वजाबाकी तिघांची राहिली आहे. तिसरी आणि चौथीतली मिळून दहा मुलं नवीन गोष्ट स्वतः वाचून समजून घेतात. काही मुलं अजून शब्दांवर आहेत. त्यांच्या घरी आम्ही बोललो आहोत, सुट्टीसाठी पुस्तकं दिली आहेत आणि जूनचे पहिले सहा आठवडे रोज सकाळी त्यांचं वाचन वेगळं घेणार आहोत. परसबागेतली मेथी आणि टोमॅटो पोषण आहारात आले. पाणी घालायचं काम चौथीने केलं. नळाची तोटी तीन महिने तुटलेली होती, ती व्यवस्थापन समितीने बसवली. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार अजून राहिलंय, ते शाळा उघडायच्या आत व्हावं ही ग्रामपंचायतीला विनंती. शाळा जूनमध्ये उघडेल, नेमकी तारीख ग्रुपवर कळवू. पहिल्या दिवशी पुस्तकं मिळतील. येताना मागच्या वर्षीची वही आणा.'

यात कुणाचं नाव नाही, कुणाची खरडपट्टी नाही, आणि 'काही मुलं अजून शब्दांवर आहेत' हे दडवलेलंही नाही. दडवू नका. गावाला ते माहीत असतंच. तुम्हालाही माहीत आहे आणि तुम्ही त्याचं काहीतरी करणार आहात, हे फक्त त्यांना माहीत नसतं. दाराची गोष्ट ग्रामसभेच्या दिवशी, सरपंच समोर असताना वाचली जाणं यालाही अर्थ आहे. वाचायच्या आधी समितीच्या अध्यक्षांना आढावा दाखवून घ्या, म्हणजे ऐन वेळी कुणाला टोचायला नको. समितीत पाऊण हिस्सा पालकच असतात, त्यातल्या एखाद्या आईने हा आढावा वाचला तर तुमच्या वाचण्यापेक्षा चांगला ऐकला जाईल.

तुमच्या स्वतःच्या उमेदीबद्दल दोन गोष्टी. सोळा हजारांच्या मानधनावर, घरापासून लांब, वर्षअखेरीला तुम्ही थकलेल्या असणार. थकव्याला निराशा समजू नका. पहिला झोपेने जातो. आणि एप्रिलमध्ये खिन्नता येते ती बहुतेक वेळा मुलांकडून येत नाही. ती येते पोर्टल बंद पडण्यातून, 'आज सायंकाळी पाचपर्यंत माहिती सादर करा'मधून, तालुक्याच्या बैठकीत वाचल्या जाणाऱ्या तुलनेच्या तक्त्यातून. ते काम टळत नाही, करावंच लागतं. पण ते दुपारी, मुलं गेल्यावर करा; वर्गाच्या वेळेत मोबाइल कपाटात. ज्या दिवशी फक्त माहिती भरली आणि एकाही मुलाचं वाचन ऐकलं नाही, त्या दिवशी घरी जाताना शिक्षक उदास असतो, हे मी केंद्रातल्या कितीतरी जणांचं पाहिलंय. पाच मिनिटं का होईना, रोज एकाचं वाचन ऐका. आणि शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सारखं कुरकुरणाऱ्यांच्या शेजारी बसू नका, त्यांना चहाला भेटा.

राहिला ग्रुप. तिथे आढावा टाकताना निकालपत्रकाचा फोटो टाकू नका, कुणाची श्रेणी सगळ्या गावाला कशाला? निम्म्या पालकांना एवढा मजकूर वाचता येणार नाही, म्हणून तोच आढावा आवाजात रेकॉर्ड करून टाका, पाचवीतल्या एखाद्या मुलीच्या आवाजात. जे कोयते अजून परतले नसतील त्यांच्यापर्यंतही तो फडावर पोचेल. रेकॉर्डिंग वर्गाचं दार लावून करा, बाहेर पोषण आहाराच्या भांड्यांचा आवाज चालू असतो.